निसर्ग, संमती आणि मराठीचे मौन : कलम ३७७ गेल्यानंतर

१

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्याचा निकाल दिला आणि प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने खाजगीत ठेवलेले शरीरसंबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. पुढे १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तीत या कलमाला स्थानच उरले नाही. कायद्याच्या अभ्यासकाला एक दीर्घ प्रकरण येथे संपले असे म्हणता येईल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तसे म्हणता येणार नाही. या कलमाला स्वतःची अशी एक भाषा होती. ती भाषा मराठीत उतरली, दीडशे वर्षे रुळली, आणि कलम रद्द झाल्याने भाषा आपोआप रद्द होत नसते.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : कलम ३७७ ने दोन माणसांमधील संबंधाविषयी 'संमती होती काय?' हा प्रश्न पुसून टाकला आणि त्याच्या जागी 'हे निसर्गक्रमाला धरून होते काय?' हा प्रश्न बसविला. न्यायालयाने आता पहिला प्रश्न पुन्हा प्रस्थापित केला आहे. मराठी समीक्षा, कोशवाङ्मय, वृत्तपत्रे आणि अध्यापन यांतून मात्र अजूनही दुसराच प्रश्न विचारला जातो. ही विसंगती दूर करणे हे न्यायालयाचे काम नव्हे; ते भाषेच्या आणि वाङ्मयाच्या विभागांचे काम आहे, आणि ते आपण अद्याप गंभीरपणे हाती घेतलेले नाही.

२

या कलमाचा पूर्वेतिहास लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या भाषेचे स्वरूप कळणार नाही. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, हा विषय चर्चच्या न्यायकक्षेतून काढून राजाच्या कायद्यात आणण्यात आला आणि त्यासाठी देहान्ताची शिक्षा ठरविण्यात आली. ती शिक्षा १८६१ पर्यंत कायद्यात टिकली. अठराव्या शतकात ब्लॅकस्टनसारख्या विधिज्ञाने इंग्रजी कायद्यावर भाष्य लिहिताना या अपराधाचा उल्लेख ख्रिस्ती लोकांत ज्याचे नावही घेऊ नये असा अपराध, या परंपरागत धर्तीवर केला. ज्याला शिक्षा द्यावयाची त्याचे नाव मात्र घ्यावयाचे नाही, हा या कायद्याचा जन्मजात स्वभाव होय. त्या काळच्या साऱ्या युरोपाचा हाच विचार होता असेही नाही. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९१ च्या दंडसंहितेतून हा अपराध वगळला होता.

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्यातील ३६१ आणि ३६२ ही कलमे आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावीत अशी आहेत. दोन्ही कलमे 'अनैसर्गिक वासने'विषयी आहेत. परंतु पहिल्यात संमतीने घडलेली कृती आहे, तर दुसऱ्यात संमतीवाचून घडलेली. पहिलीला कमाल चौदा वर्षांची शिक्षा होती, दुसरीला जन्मठेपेपर्यंतची. म्हणजे संमतीच्या संबंधालाही अपराध मानणारा हा मसुदा संमतीचा अभाव हा अधिक मोठा अपराध आहे, एवढे तरी ओळखत होता. याच कलमांच्या संदर्भात आयोगाने असेही नमूद केले, की या किळसवाण्या विषयावर सार्वजनिक चर्चा उत्पन्न होईल असे काही संहितेत वा टिपणांत घालण्याची आपली इच्छा नाही; कितीही काटेकोर कायदा केला तरी त्याच्या लाभापेक्षा त्या चर्चेने होणारी नीतीची हानी अधिक असेल.

प्रत्यक्ष दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तीत वरील दोन कलमांचे एकच कलम झाले : ३७७. निसर्गक्रमाविरुद्ध स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवणाऱ्यास, मग तो पुरुषाशी असो, स्त्रीशी असो वा जनावराशी असो, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा. संमतीचा शब्द नाहीसा झाला. दोन प्रौढांचा परस्परांना हवासा संबंध, बालकावरील अत्याचार, बळजबरी आणि पशूशी संबंध ही सर्व एका रांगेत बसविली गेली. कारण त्यांना जोडणारे सूत्र 'निसर्ग' हे होते. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत कोठेही नव्हती. ज्याची चर्चाच करावयाची नाही त्याची व्याख्या कशी करणार?

३

ही संहिता हिंदुस्थानापुरती राहिली नाही. तिच्या नमुन्यावर सिंगापूर, मलाया, श्रीलंका, ब्रह्मदेश येथील संहिता रचल्या गेल्या. कित्येक ठिकाणी कलमाचा क्रमांकही ३७७ हाच राहिला. पूर्व आफ्रिकेतील इंग्रजी वसाहतींतही 'निसर्गक्रमाविरुद्ध' हीच शब्दयोजना पोचली. वसाहती स्वतंत्र झाल्या, कलमे राहिली. ज्या देशाने हा कायदा जगभर नेला त्याने इंग्लंड-वेल्सपुरता तो १९६७ साली बहुतांशी मागे घेतला. स्कॉटलंडमध्ये १९८० साली आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ साली तसेच झाले. स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनी मात्र तोपर्यंत तो आपला मानला होता. गोव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गोवा कधीच इंग्रजांच्या ताब्यात नव्हता. भारतीय दंडसंहिता तेथे पोचली ती १९६१ च्या मुक्तीनंतर, स्वतंत्र भारताच्या हातून.

येथे एक विपर्यास घडलेला दिसतो. वसाहतकारांनी आणलेला कायदा 'आपली संस्कृती' म्हणून राखला गेला आणि त्या कायद्याखाली भरडली जाणारी माणसे 'पाश्चात्त्य' ठरली. श्रीलंकेने १९९५ साली दंडसंहितेतील 'पुरुष' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' हा शब्द घातला. परिणामी त्यापूर्वी कलमाबाहेर असलेल्या स्त्रियाही आत आल्या. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली वसाहतकालीन कलमे वैध ठरविली. युगांडाने २०२३ साली नवा कायदा करून काही प्रकारांत देहान्ताची शिक्षा ठेवली, म्हणजे इंग्लंडने १८६१ साली सोडलेली शिक्षा पुन्हा स्वीकारली. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. सिंगापूरच्या संसदेने २०२२ साली ३७७-अ हे कलम रद्द करण्याचा निर्णय घेतला. मॉरिशस येथे गिरमिटिया मजुरांच्या काळापासून मराठी भाषक कुटुंबे नांदत आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १८३८ च्या संहितेतील कलम २५० संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढ पुरुषांना लागू करणे घटनाबाह्य ठरविले. हे कलम मॉरिशसच्या स्वतःच्या मूल्यांतून आलेले नसून वसाहतीच्या इतिहासाचा वारसा आहे, असे त्या न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमार येथे ३७७ हे कलम आजही आहे.

मराठीत देशीवादाची चर्चा दीर्घकाळ चालली. परकी मूल्यदृष्टी आपण किती नकळत आत्मसात केली आहे, हे दाखविण्याचे मोठे काम त्या चर्चेने केले. तीच कसोटी येथे लावली तर काय दिसते? 'हे आपल्याकडचे नव्हे' असे सांगणारे विधान ज्या कायद्याच्या आधारावर उभे होते, तो कायदाच आपल्याकडचा नव्हता.

तथापि या विधानाचा अतिरेकही होऊ नये. इंग्रजांपूर्वी येथे सर्व काही मुक्त आणि उदार होते, असे सुखद चित्र रंगविण्याचा मोह अलीकडच्या लेखनात दिसतो. तो अभ्यासकाने टाळावयास हवा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या द्विजाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. हे सौम्य वाटते. परंतु त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात कुमारिकेला 'दूषित' करणाऱ्या स्त्रीसाठी मुंडन, बोटे छाटणे आणि गाढवावरून धिंड या शिक्षा आहेत. पेशवाईत 'बदकर्मा'च्या आरोपावरून स्त्रियांना बटीक करून सरकारी गुलामीत टाकले जात असे. लैंगिक वर्तनावर जातीचा आणि राज्यसत्तेचा पहारा आपल्याकडे होताच, आणि त्याचा भार स्त्रियांवर व खालच्या मानलेल्या जातींवर अधिक होता. इंग्रजी कायद्याने त्या पहाऱ्याला तीन नव्या गोष्टी दिल्या : 'निसर्ग' हे एकमेव सूत्र, सर्वांना सारखी लागू होणारी जन्मठेपेची भीती, आणि विषयाचा उच्चारच न करण्याचा दंडक. नंतरच्या मराठी वाङ्मयाला यांतील तिसरी देणगी सर्वांत महाग पडली, असे मला वाटते.

४

२००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीच्या प्रौढ संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरविले होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्या वेळी एक कारण असे देण्यात आले, की ज्यांना या कलमाचा त्रास होतो असे म्हणतात ते लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेहून कमी व्यक्तींवर या कलमाखाली खटले झाल्याचे दिसते. आकडा लहान, म्हणून अन्यायही लहान, असा हा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद वाङ्मयाच्या अभ्यासकाने नीट तपासावयास हवा, कारण त्यात पुराव्याचा प्रश्न गुंतलेला आहे. कायद्याच्या वृत्तांतांत नोंदले गेलेले निकाल म्हणजे कायद्याचे संपूर्ण जीवन नव्हे. पोलिसाने दिलेली धमकी, ओळखीच्याने उकळलेले पैसे, घरच्यांनी घाईने लावून दिलेले लग्न, न लिहिलेले पत्र, जाळलेली रोजनिशी : यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नसते. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचा खटला आला. स्त्रीवेष धारण करून स्त्रियांमध्ये गाणे गात असताना तिला पकडण्यात आले होते. अपराध केव्हा, कोठे, कोणाबरोबर घडला, यांतील काहीही सिद्ध होऊ शकले नाही आणि उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आकड्यांच्या हिशेबात ही सुटका धरली जाईल. परंतु त्या सुटकेपूर्वी अटक, तपासणी आणि खालच्या न्यायालयातील शिक्षा हे सर्व होऊन गेले होते, आणि त्याला कारण वेष एवढेच होते.

नेमक्या याच काळात मराठी रंगभूमीवर काय चालले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, १८८२ साली 'संगीत सौभद्र' आले, आणि भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिकांमुळे घरोघर पोचले. पुढे बालगंधर्वांच्या लुगड्याची नेसण आणि केशरचना यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले, ही गोष्ट नाट्येतिहासात कौतुकाने सांगितली जाते. एकीकडे स्त्रीवेष हा अटकेचा आधार आणि दुसरीकडे तोच महाराष्ट्राचा अभिमान. रंगमंचाच्या चौकटीत जे मान्य होते ते चौकटीबाहेर संशयास्पद होते, आणि ही सीमारेषा सांभाळण्याचे काम मराठी नाट्यसमीक्षेने फार निष्ठेने केले. स्त्रीभूमिकेच्या 'कले'विषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. स्त्रीभूमिका करणाऱ्या माणसाच्या आयुष्याविषयी अत्यंत थोडे.

५

दंडसंहितेत ३७७ बरोबरच कलम २९२ ही होते. ते अश्लील लेखनाविषयीचे आहे. एकाने कृतीला शिक्षा करावयाची आणि दुसऱ्याने त्या कृतीविषयीच्या शब्दाला, अशी ही जोडी होती. या जोडीचा मराठीतील सर्वांत ठळक प्रत्यय र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ला आला. १९२७ ते १९५३ अशी अखंड वर्षे हे मासिक चालविणाऱ्या कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्याचा विषय होता वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयाची ज्ञानाच्या हेतूने केलेली चर्चा अश्लील ठरू शकत नाही, ही त्यांच्या बचावामागील भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

या घटनेचे वाङ्मयीन महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. वाचकांचे प्रश्न आले होते, म्हणजे मराठी समाजात हा विषय होता. उत्तर छापले गेले, म्हणजे मराठी गद्यात त्यासाठी भाषा घडू लागली होती. आणि उत्तराला दंड झाला, म्हणजे ती भाषा जेथे वाढावयाची तेथेच खुडली गेली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली जी चर्चा होऊ नये म्हटले होते, ती १९३४ साली मराठीत होऊ दिली गेली नाही. मराठी कथा-कादंबरीत समलिंगी प्रेमाचे चित्रण फारसे आढळत नाही, म्हणून तो अनुभवच आपल्या समाजाला परका आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा दंडाचा इतिहास आधी वाचावा. येथे मौन हा अनुभवाच्या अभावाचा पुरावा होत नाही.

मौन फुटले तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. सतीश आळेकर यांचे 'बेगम बर्वे' १९७९ साली रंगभूमीवर आले. एके काळी नाटकमंडळीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा आणि आता उदबत्त्या विकणारा बर्वे हा या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. या नाटकाची चर्चा विपुल झाली, ती प्रामुख्याने संगीत नाटकाच्या अवशेषांचे, मध्यमवर्गीय स्वप्नरंजनाचे रूपक म्हणून. हे वाचन चुकीचे नाही. परंतु रूपकाकडे धाव घेताना बर्व्याचे शरीर, त्याची वासना आणि त्याच्यावर होणारी श्यामरावची सक्ती मागे राहून जाते. या सक्तीला 'संमती नाही' एवढे साधे नाव समीक्षेने क्वचितच दिले.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली आले. सुमित्रा देव ही महाविद्यालयात शिकणारी तरुणी नमाच्या प्रेमात पडते, बापू या मित्राला ते सांगते, आणि अखेर आत्महत्या करते. सुमित्राला ३७७ हे कलम लागू होण्यासारखे नव्हते. या कलमाच्या स्पष्टीकरणामुळे दोन स्त्रियांचा संबंध व्यवहारात त्याच्या कक्षेबाहेरच राहत असे. तरीही तिच्या जगाने तिला शिक्षा दिली. कलमाचा खरा प्रभाव कलमाच्या कक्षेबाहेरच कळतो, तो असा. न्यायालयात न जाताही 'निसर्गाविरुद्ध' हा निकाल वसतिगृहात, मित्रमंडळीत आणि स्वतःच्या मनात लागलेला असतो. या नाटकाविषयी बोलतानाही 'विकृती', 'अनैसर्गिक आकर्षण', 'असामान्य मानसिकता' हे शब्द आपण सहज वापरत आलो. नाटककाराने सुमित्राला माणूस म्हणून उभे केले. तिचे वर्णन करताना आपण मात्र मेकॉलेची भाषा उसनी घेतली.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी कलम पूर्णपणे अमलात होते. तनय आणि अनुजा ही भावंडे घरात राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तनय त्या तरुणाला उद्देशून बोलतो. अनुजा रोजनिशी लिहिते. दोन प्रेमे, दोन विरह आणि दोन निवेदने यांना कादंबरी सारख्याच गंभीरपणे समोर ठेवते. तनयचे प्रेम 'असे का?' हा प्रश्न ती विचारीत बसत नाही. अनुजाच्या बाबतीत तो प्रश्न कोणी विचारणार नसतो, एवढे तिला पुरते. तनय मरत नाही. तो जगावयास निघतो. 'मित्राची गोष्ट' ते 'कोबाल्ट ब्लू' हा पाव शतकाचा प्रवास न्यायालयाच्या निर्णयाची वाट न पाहता झाला आहे. सर्जनशील लेखन कायद्याच्या पुढे गेले, समीक्षा मात्र कायद्याच्याही मागे राहिली, असे म्हणावे लागते.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन, बिंदुमाधव खिरे यांचे लेखन, राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतील जोगती-जोगत्यांचे जग, आनंद यादवांच्या 'नटरंग'मधील नाच्या, ही सामग्री आपल्यापुढे आहे. ती 'उपेक्षितांचे साहित्य' या एका खणात टाकून पुढे जाण्याने तिचे वाचन होत नाही. जोगत्याचा वेष, नाच्याची उपजीविका, हिजडा समाजातील गुरु-चेल्याचे नाते आणि दोन पुरुषांचे प्रेम या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एक करणारे सूत्र पुन्हा तेच, 'निसर्गाला सोडून असलेले'. ते सूत्र कलमाचे होते, ते समीक्षेचे असू नये.

६

ही केवळ शब्दांची चर्चा नाही. शब्द नसल्याने काय होते, याचे ताजे उदाहरण नव्या न्याय संहितेतच आहे. कलम ३७७ जाणे आवश्यक होते. परंतु २०१८ च्या निर्णयाने त्यातील संमतीवाचूनच्या कृत्यांचा भाग कायम ठेवला होता. नव्या संहितेने तोही वगळला. बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्यापुरतीच राहिली. संसदीय स्थायी समितीने हा भाग ठेवावा अशी शिफारस २०२३ साली केली होती. ती मान्य झाली नाही. बालकांसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तृतीयपंथी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे. परंतु प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली, तर तिला बलात्कार या नावाने ओळखणारे कलम आज नाही.

पूर्वी संमती असतानाही शिक्षा होती; आता संमती नसतानाही या अत्याचाराला त्याचे नाव नाही. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही अवस्थांचे मूळ एकच आहे. ज्या कृत्याची ओळख केवळ 'अनैसर्गिक' अशी होती, त्यातील बळजबरी वेगळी काढून दाखविण्याची सवय आपल्या सार्वजनिक भाषेला कधी लागलीच नाही. मराठी वृत्तपत्रे आजही एखाद्या मुलावरील अत्याचाराची बातमी 'अनैसर्गिक अत्याचार' अशा मथळ्याखाली देतात. जणू मुलीवर झालेला अत्याचार नैसर्गिक असतो! अत्याचाराचे भयंकरपण बळजबरीत आहे, निसर्गात नाही. हा मथळा एका वेळी दोन अन्याय करतो : पीडित मुलावरील बळजबरी झाकतो आणि संमतीने जगणाऱ्या प्रौढांना अत्याचाऱ्यांच्या रांगेत बसवितो. १८६० च्या कलमाने जे केले तेच तो मथळा करीत असतो.

७

मराठी विभागांनी काय करावे, याविषयी तीन सूचना येथे कराव्याशा वाटतात.

पहिली परिभाषेची. कोश, प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि पाठ्यपुस्तके यांतून 'अनैसर्गिक' आणि 'विकृती' हे शब्द वर्णनवाचक म्हणून वापरणे थांबवावे. ते जेथे ऐतिहासिक पुरावा म्हणून येतील तेथे अवतरणात ठेवावेत आणि त्यांचा इतिहास सांगावा. 'संमती' हा शब्द मात्र समीक्षेच्या परिभाषेत आणावा. तो केवळ समलिंगी प्रेमाच्या संहितांनाच उपयोगी पडेल असे नाही. मराठी कादंबरीतील विवाहाचे, ठेवलेल्या स्त्रीचे, मोलकरणीचे, विधवेचे चित्रण या शब्दाच्या उजेडात पुन्हा वाचावे लागेल. परस्त्रीगमनाचे कलम ४९७ हेही याच दंडसंहितेतले. तेथे विवाहित स्त्रीच्या संमतीला किंमत नव्हती. पतीच्या संमतीला मात्र होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे ३७७ च्या निकालानंतर तीन आठवड्यांनी, तेही रद्द झाले.

दुसरी सूचना दप्तराची. 'समाजस्वास्थ्य'चे अंक, त्यातील वाचकांची पत्रे, नाटकमंडळ्यांतील नटांच्या आठवणी आणि जुन्या नियतकालिकांतील सल्ल्याची सदरे यांचे या दृष्टीने पद्धतशीर वाचन झाले पाहिजे. मात्र येथे एक पथ्य पाळावे लागेल. दिवंगत व्यक्तींच्या खाजगी जीवनाविषयी तर्क करून त्यांना नावे चिकटविणे हे संशोधन नव्हे. कायद्याने जे डोकावणे केले, ते संशोधकाने करू नये. आपला विषय माणसांची गुपिते हा नसून, ती गुपिते ठेवावयास लावणारी भाषा हा आहे.

तिसरी सूचना अध्यापनाची. 'मित्राची गोष्ट' आणि 'कोबाल्ट ब्लू' या संहिता शेजारी ठेवून शिकविल्या जाव्यात, आणि त्यांच्याबरोबर १९३४ च्या खटल्याचा इतिहासही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की वाङ्मयाला कायद्याच्या दावणीला बांधण्याने त्याची स्वायत्तता जाते. उत्तर असे, की 'निसर्गक्रम' हा निकष समीक्षेत आणला तेव्हाच ते बांधले गेले होते. आता ते सोडवावयाचे आहे. दुसरा आक्षेप असा, की जात, भूक आणि बेरोजगारी यांच्या तुलनेत हा मूठभरांचा प्रश्न आहे. 'अत्यल्प अंश' हे शब्द २०१३ साली आपण ऐकलेच आहेत. पाच वर्षांनी तो निर्णय बदलताना न्यायालयाने ज्या 'संवैधानिक नीतिमत्ते'चा आधार घेतला, ती संकल्पना डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मांडली होती. बहुसंख्यांना रुचते ते नीतिमान असतेच असे नाही, ही जाणीव जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्यातून आलेली आहे. जातीचा प्रश्न मोठा म्हणून हा प्रश्न बाजूस सारणाऱ्यांनी, कर्व्यांच्या बचावासाठी न्यायालयात कोण उभे राहिले होते, एवढे आठवावे.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. तो विषय संसदेचा आहे असे सांगितले. तेव्हा कायद्याची वाटचाल अजून अर्धीच झाली आहे आणि ती कधी पूर्ण होईल हे आपल्या हाती नाही. आपल्या वर्गातील भाषा मात्र आपल्या हाती आहे. त्या वर्गात बसलेला एखादा विद्यार्थी, एखादी विद्यार्थिनी, फळ्यावर लिहिलेला 'विकृती' हा शब्द वहीत उतरवून घेताना काय करीत असेल, याचा विचार अध्यापकाने खडू उचलण्यापूर्वी करावा. त्यासाठी कोणत्याही घटनापीठाची वाट पाहावी लागत नाही.